कागदावर शिकलेलं कुत्रं

आमच्या घरात पत्रक जमिनीवर पडलं तर आधी ते उचलायचं आणि मग हातातलं काम करायचं. हा नियम कुणी भिंतीवर लावलेला नाही, पण मी रांगत होते तेव्हापासून तो मला माहीत आहे. मी वाचायला शिकले तीच पत्रकांवर. शाळेत ‘बदक’ आणि ‘मगर’ वाचायच्या आधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं. म्हणूनच गेल्या हिवाळ्यात मी स्वतःच्या हाताने पत्रकं जमिनीवर अंथरली आणि त्यांवर कुत्र्याला मुतायला शिकवलं, हे सांगताना माझी कानशिलं आजही तापतात.

ते कुत्रं आईसाठी घरात राहायला हवं होतं. आधी तेवढं सांगते.

जुलैत आई न्हाणीत घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. नगरला ऑपरेशन झालं. तीन महिने ती खाटेवरून उठली नाही, आणि नंतर डॉक्टर उठा म्हणाले तेव्हाही उठली नाही. “रोज चालल्या नाहीत तर कायमच्या बसतील,” असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. वॉकर आणला. त्यावर टॉवेल वाळत पडायला लागला. पंचवीस वर्षं अंगणवाडीत दुसऱ्यांची पोरं कडेवर घेऊन फिरलेली माझी आई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. काहीही विचारलं तरी ‘हं’. दिवाळीत मी तिच्यासाठी करंज्या केल्या, त्यालाही ‘हं’.

डिसेंबरात भाऊ पुण्याहून वेताच्या टोपलीत एक पॉमेरेनियन पिल्लू घेऊन आला. साडेतीन महिन्यांचं, पांढरं, वजनाला दोन किलोसुद्धा नव्हतं. वहिनीला आठवा महिना लागला होता आणि घरमालकाने कुत्र्यावरून कटकट सुरू केली होती. “महिनाभर ठेवा, मग बघू,” म्हणाला, आणि चहा पिऊन निघून गेला. पिल्लू सरळ आईच्या खाटेखाली शिरलं.

थोड्या वेळाने आई म्हणाली, “कुठं गेलं गं ते?”

कित्येक आठवड्यांत तिच्या तोंडून आलेलं ते पहिलं पुरतं वाक्य होतं. दुसऱ्या दिवशी तिने ते दिसावं म्हणून खाटेवरून पाय खाली सोडले. तिसऱ्या दिवशी वॉकरवरचा टॉवेल माझ्या अंगावर फेकून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली, कारण आत काहीतरी सांडल्याचा आवाज आला होता. मी चुलीशी उभी राहून रडले. डाळ करपली.

आता पप्पा. पप्पा एसटीत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यापासून चळवळीची पत्रकं हेच त्यांचं पूर्ण वेळचं काम. एरवी ते आमच्यासारखंच बोलतात, पण राग आला की प्रमाण मराठीत जातात. चौथ्या दिवशी पिल्लाने पुस्तकांच्या कपाटासमोर घाण केली. मी कागदाने ती उचलत होते तेवढ्यात ते आले.

“सदर प्राणी इथे किती दिवस राहणार आहे?”

“महिनाभर.”

“ठेव ते खाली.”

“खाली ठेवून काय करू, पप्पा?”

“ज्याने आणलं त्याला फोन कर. तो येऊन उचलेल.”

“पुण्याहून?”

“हो. पुण्याहून.”

मला हसू येणार होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते आतच राहिलं. “माझ्या आजोबांनी गावाची मेलेली ढोरं ओढली,” ते म्हणाले. “माझ्या बापाने तो दोर टाकला आणि त्यासाठी मार खाल्ला. त्यांच्या नातीने आता कुत्र्याचं उचलायचं?” मग त्यांनी आमच्या पत्रकातलं ते वाक्य म्हटलं, “यापुढे आमच्यातला एकही हात दुसऱ्याची घाण उचलणार नाही. कुणाचं वाक्य आहे हे?”

“माझं,” मी म्हणाले.

गटारात माणूस उतरवू नका, यंत्र आणा, अशी मागणी करणारं पत्रक आम्ही वर्षभरापूर्वी काढलं होतं. त्यातला मजकूर माझा होता. हे वाक्य पप्पांनी सगळ्यांत वर, ठळक घेतलं होतं. मी त्या वाक्यासाठी आजही कुणाशीही भांडेन. पण त्या सकाळी ते माझ्याच अंगावर आलं.

पप्पांनी मुदत दिली. पुढच्या रविवारी आमच्याकडे नवीन पत्रकांच्या घड्या घालायला माणसं येणार होती. तोपर्यंत पिल्लू एका ठरलेल्या जागी जायला शिकलं तर ठीक, नाही तर भावाला बोलावायचं. खाटेवर आईने डोळे मिटून घेतले होते, पण पापण्या हलत होत्या.

त्याला बाहेर सोडायची सोय नव्हती. घरामागच्या बोळात गावची चार-पाच कुत्री असतात आणि समोरचा हायवे त्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला असतो. हे दोन किलोचं गठुळं बाहेर पाच मिनिटं टिकलं नसतं. शेजारच्या काकूंनी उपाय सांगितला, “त्याचं नाक घास त्यातच. दोन टायमाला शिकतंय. आमच्या कुत्र्याला तसंच शिकिवलं.”

“तुमचं कुत्रं तर बाहेरच असतं, काकू.”

“मग? शिकलंच की!”

मी मोबाईलवर वाचत बसले. लहान जातीच्या कुत्र्यांचं मूत्राशय एवढंसं असतं, त्यांना तासा-दीड तासाला जावं लागतं. मारून ती शिकत नाहीत, फक्त लपून करायला शिकतात. खाल्ल्यावर, झोपून उठल्यावर आणि खेळून झाल्यावर एकाच जागी न्यायचं. तिथे केलं की लगेच, तिथल्या तिथे, खाऊ द्यायचा. मी जागा ठरवली खाटेमागचा कोपरा. तिथे वर्तमानपत्र अंथरलं. खाऊ म्हणजे उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. माझे तास चालू असताना आई खाटेवरून पिल्लाला हुकूम सोडायची आणि मुठीत अंडं धरून बसायची. तिच्या हातांना दिवसभर अंड्याचा वास यायचा आणि ते तिला आवडायला लागलं होतं.

पिल्लू शिकत होतं. अडचण कागदाची झाली. दिवसाला सात-आठ पानं लागायची. आमच्याकडे वर्तमानपत्राला कुणी हात लावू शकत नाही, कारण पप्पा त्यातली कात्रणं काढतात आणि उरलेले अंकही तारखेवार गठ्ठे बांधून ठेवतात. काकूंकडची रद्दी तीन दिवसांत संपली. बुधवारी मला तास नव्हते, पप्पा छापखान्यात गेले होते. दुपारी पिल्लू कोपऱ्यात गेलं, मोकळी फरशी हुंगून परत आलं आणि कपाटाकडे वळलं. शेपटीखालचं अंग आखडायला लागलं. माझ्या हाताशी खाटेखालचा एक गठ्ठा होता. गेल्या वर्षीच्या त्याच पत्रकाच्या उरलेल्या प्रती. सभेची वेळ बदलल्यामुळे त्या वाटता आल्या नव्हत्या, पण आमच्याकडे छापलेलं पत्रक रद्दीत जात नाही, पुडी बांधायलाही देत नाहीत. मी सुतळी तोडली.

“उलटं टाक,” आई खाटेवरून हळूच म्हणाली. “अक्षर वर नगं.”

चार पत्रकं, कोरी बाजू वर, चौकोनात. पिल्लाने वर्तमानपत्र आणि पत्रक यांत कसलाही भेद केला नाही. आईने अंडं दिलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

त्यानंतर चार दिवस मी ती पत्रकं वापरली. ओली झालेली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, कॉलेजला जाताना पर्समधून नेऊन लांबच्या कचराकुंडीत टाकायची. पप्पा त्या कोपऱ्याकडे बघतही नसत, तरी रात्री झोपण्याआधी तो रिकामा. पप्पा विचारायचे, “प्रगती?” मी म्हणायचे, “आहे.” त्यांना बरं वाटायचं. त्यांना बरं वाटलेलं बघून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. खोट्या बातम्यांवर, सरकारी खोट्या आश्वासनांवर मी आजवर किती शाई खर्च केली असेल! आणि एवढ्याशा कोपऱ्याबद्दल मी स्वतःच्या बापाशी खोटं बोलत होते.

रविवार आला. पत्रकं शनिवारीच छापून आली होती. ताजी शाई एकमेकांवर उमटू नये म्हणून पप्पा ती आधी ओळीने पसरून ठेवतात. त्या दिवशी बाहेरच्या खोलीत दारापासून कपाटापर्यंत कागदच कागद होता. मधून चालायला एक पाऊलवाट. मी ते सकाळी बघितलं आणि आधी पिल्लू कुठे आहे ते शोधलं. मला जे कळलं होतं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मी पिल्लाला आणि आईला स्वयंपाकघरात बसवलं आणि दाराला कडी घातली.

दुपारी माणसं जमली. निवृत्त हेडमास्तर गुरुजी, शेजारच्या काकू आणि विहारातल्या दोघी बायका. आमची पद्धत ठरलेली. सतरंजीवर गोल बसायचं, सुकलेलं पत्रक उचलायचं, तीन घड्या, आणि चमच्याच्या पाठीने घडी दाबायची. आतून नखांनी दार खरवडल्याचा आवाज येत होता. मी घड्या वाकड्या घालत होते.

“तुजं ध्यान कुठं हाय गं?” काकू म्हणाल्या. “लगीन ठरलं का काय?”

सगळे हसले. मीही हसले. तेवढ्यात विहारातल्या एका ताईंना पाणी हवं झालं आणि मी उठायच्या आत त्यांनीच जाऊन कडी काढली.

पिल्लू बाहेर आलं. पळालं नाही, उड्या मारल्या नाहीत. पसरलेल्या कागदांसमोर क्षणभर थांबलं, मग एखाद्या शहाण्या माणसासारखं हुंगत हुंगत मधल्या ओळीत गेलं, स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या आणि बसलं. शाई पसरत गेली. काम झाल्यावर त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. ते अंडं मागत होतं.

“अगं बया!” काकू पदराने तोंड दाबून हसायला लागल्या. “बालवाडीतल्या पोरावानी बसलं की!”

पप्पा हसले नाहीत. गुरुजीही नाही. गुरुजी चष्म्यातून पिल्लाकडे बघत होते. “ह्याला शिकवलंय कुणीतरी,” ते म्हणाले. “आमच्या मुलीकडं मुंबईत असंच आहे. कागद दिसला की बसतं. कुठल्या कागदावर शिकवलं गं?”

“रद्दीवर,” मी म्हणाले.

काकू फडकं घेऊन आल्या होत्या. ओल्या पत्रकांवर फडकं टाकता टाकता त्यांचं लक्ष खाटेमागे गेलं. “हितं बी वल्लं दिसतंय,” म्हणत त्यांनी कोपऱ्यातला चौकोन ओढून काढला. सकाळच्या गडबडीत तो मी उचलायचा विसरले होते. त्यांनी कागद उलटा केला. त्यांना भरभर वाचता येत नाही, म्हणून त्यांनी तो पप्पांपुढे धरला. “दादा, ह्याच्यावर आपलंच छापल्यालं हाय का?”

पप्पांनी वाचलं. पूर्ण वाचलं, खालच्या संपर्काच्या ओळीपर्यंत. ‘एकही हात’ या शब्दांवरून पिवळा ओघळ गेला होता.

“हे किती दिवस चालू आहे?”

“बुधवारपासून.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

“माझ्या स्वतःच्या.”

“माझ्या,” मागून आवाज आला. आई स्वयंपाकघराच्या दारात वॉकर धरून उभी होती. “उलटं टाक म्हनलं मीच.”

पप्पांनी कागदाची घडी घातली. ओल्या कागदाची, नीट, तीन घड्या. “भावाला फोन लाव,” ते मला म्हणाले. “उद्या सकाळी येऊन त्याने सदर प्राणी घेऊन जावा.”

“आदी माझं ऐका,” आई म्हणाली.

“नंतर बोलू.”

“नंतर न्हाई. ही मानसं हायत तवरच.” तिने वॉकर एक पाऊल पुढे टेकवला. “तीन महिने माझं शी-मुताचं भांडं कुनी उचललं? सकाळचं ह्या पोरीनं. दुपारचं कुनी? ही तर कालेजात असायची.”

विहारातल्या दोघी बायका पप्पांकडे बघायला लागल्या. दुपारी घरात पप्पा एकटेच असायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. मला मात्र आजवर ते सुचलंच नव्हतं. संध्याकाळी मी घरी यायचे तेव्हा भांडं धुऊन पालथं घातलेलं असायचं आणि मी कधी विचारलं नव्हतं.

“सांगा की,” आई म्हणाली. “मला लाज वाटली न्हाई, तुमाला कशापायी वाटती?”

“ती गोष्ट वेगळी होती.”

“मग लिवा की तसं पत्रकात. वेगळी हाय म्हनून लिवा.”

पप्पांची मान खाली गेली. माणसांसमोर त्यांची मान खाली गेलेली मी पहिल्यांदा बघितली आणि मला आईचा राग आला, हेही खरं सांगायला हवं. गुरुजींनी खाकरून हातातला चमचा उचलला आणि पुढच्या पत्रकाची घडी दाबायला लागले. मग काकूंनी. उरलेलं काम आम्ही तसंच संपवलं. नुसते चमचे वाजत होते.

माणसं गेल्यावर मी पप्पांना म्हणाले, “ते वाक्य बदलायला हवं. जन्मावरून, कुणाच्या हुकमावरून उचलणार नाही, असं हवं होतं. आपल्या माणसाचं आपण होऊन उचलणं वेगळं. मी लिहिताना चुकले.”

“पत्रकात ‘पण’ चालत नाही,” ते म्हणाले. “तू एक ‘पण’ लिहिलास की समोरचा तिथूनच आत शिरतो. उद्या तो म्हणेल, गटारातही हे आपण होऊनच उतरतात.”

“मग ते खोटं ठरतं.”

“अपुरं ठरेल. खोटं नाही.” मग चमचे गोळा करता करता म्हणाले, “खोटं तू मला सांगितलंस. रोज.”

त्या भांडणात आम्ही दोघंही अजून आपापल्या जागी आहोत.

फोन त्या दिवशी लागला नाही, म्हणजे कुणी लावला नाही. सोमवारी सकाळी दारामागे एक तक्ता चिकटवलेला होता. पप्पांच्या अक्षरात, दिवसातल्या सहा वेळा. सकाळी सव्वासातपासून. खाली लिहिलं होतं : ‘सदर वेळी प्राण्यास घरामागील मोकळ्या जागेत न्यावे. घरात कागद अंथरू नये. मुदत आठ दिवस. घरात एकदाही झाल्यास पुणे.’

आठ दिवस! कागदावर पक्कं झालेलं कुत्रं आठ दिवसांत मातीवर आणायचं. पहिल्या दिवशी मी त्याला पट्टा लावून मागे नेलं. पप्पा गावच्या कुत्र्यांना अडवायला काठी घेऊन बोळाच्या तोंडाशी उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. पिल्लू पाऊण तास माती हुंगत राहिलं. त्याला कागद हवा होता. आत आणल्यावर ते खोलीच्या मध्यावर वाकलं आणि मी त्याला तसंच उचलून पुन्हा बाहेर पळाले. निम्मं माझ्या कुर्त्यावर झालं. आई दारातल्या खुर्चीत बसली होती. “घरात न्हाई झालं,” ती मोठ्याने म्हणाली, पप्पांना ऐकू जाईल असं. “उंबऱ्याच्या भायेर झालं!”

मग मी बाहेर मातीवर वर्तमानपत्राचं पान टाकायला लागले. पान पप्पांनीच दिलं. कात्रणं काढून झालेलं, मध्ये चौकोनी खिडक्या पडलेलं. रोज पान लहान करायचं. अर्धं, मग पाव, मग पोस्टकार्डाएवढं. त्याच्यावर दगड ठेवायचा, नाही तर वाऱ्याने उडायचं. पाचव्या दिवशी त्या पोस्टकार्डाच्या बाजूला, मातीवर झालं. आई खुर्चीतून उठून वॉकरसकट पायरीपर्यंत आली आणि स्वतःच्या हाताने अंडं दिलं. सहावा, सातवा दिवस गेला. मी तास घेताना घड्याळ बघायचे.

आठव्या दिवशी, सोमवारी सकाळी, कॉलेजातून फोन आला. वेळापत्रक बदललं होतं, त्यावरून वाद झाला. मी फोनवर भांडत राहिले. वळून बघितलं तर पिल्लू बंद दाराशी बसलं होतं आणि त्याच्याखालून फरशीवर पाणी पसरत होतं. सात पस्तीस झाले होते.

आईने ते माझ्याआधी बघितलं होतं. “पूस,” ती कुजबुजली. “फडकं घे, लवकर. पप्पा विहारात गेल्यात, यायला अजून टाईम हाय. फिनेल टाकू नगं, वासानं वळकतील.”

मी फडकं घेतलं. वाकले. फरशी पुसली. आणि मग फडकं हातात धरून तशीच उभी राहिले. आई “ठिव ते, ठिव ते मोरीत,” म्हणत होती. तिच्या आवाजात पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहण्याच्या दिवसांतला सूर यायला लागला होता. एवढं एक खोटं आईसाठी बोललं असतं तर काय बिघडलं असतं, असं मला आजही कधी कधी वाटतं. पण पायरीवर चपला वाजल्या आणि पप्पा दारात आले.

“पप्पा, आज घरात झालं.”

आईने वॉकर घट्ट धरला. पप्पांनी माझ्या हातातलं फडकं बघितलं, मग फरशी.

“किती वाजता?”

“सात पस्तीसला.”

ते दारामागच्या तक्त्याकडे वळले. सगळ्यात वरची ओळ बोटाने वाचली. “सव्वासात लिहिलंय. सव्वासातला तू कुठे होतीस?”

“फोनवर.”

“आणि हा कुठे होता?”

“दाराशी. दार बंद होतं.”

पप्पांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. हायवेवरून एक ट्रॅक्टर गेला, त्याची गाणी येऊन गेली.

“म्हणजे तो वेळेवर आला होता,” ते शेवटी म्हणाले. “वेळ तू मोडलीस.”

“हो.”

“मग फोन कुनाला लावायचा?” आईने विचारलं.

पायातल्या चपला पप्पांनी काढल्याच नव्हत्या. खिळ्यावरचा पट्टा काढून ते वाकले, गुडघ्याला हात लावून, आणि त्यांना तो बांधता येईना. पट्टा उलटा धरला होता. पिल्लू त्यांच्या बोटांना हुंगत होतं.

“ह्याचं बक्कल कुठल्या बाजूला असतं?” ते मला म्हणाले. “लवकर सांग, ह्याचं अजून राहिलं असेल.”